टॉफीची कड

आत्या हॉस्पिटलातून घरी आली, तेव्हा तिचा ओटा घरात नव्हता.

ओटा होता, पण तिचा नव्हता. भिंतीला लागून एक पांढराफेक, गुळगुळीत, डोळ्यांना टोचेल इतका चकचकीत ओटा उभा होता. त्यावर काचेची सपाट शेगडी होती, तिला ना बर्नर ना नळी. कोपऱ्यात एक कुंडी होती आणि कुंडीत प्लॅस्टिकचं झाड. आत्याचा ओटा काळ्या दगडाचा होता, चार बोटं जाड, वापरून वापरून मधोमध किंचित खोलगट झालेला, आणि त्याला तिच्याशिवाय दुसऱ्या कुणी कधी फडकंही लावलेलं नव्हतं. गुडघ्याच्या ऑपरेशनला जाताना तिने त्याच्यावरून हात फिरवला होता, तो काही निरोप घ्यायला नव्हे. कुठे साखर राहिलीय का ते बघायला.

भाचा दारात उभा राहून तिच्या तोंडाकडे बघत होता. त्याची बायको फोन समोर धरून उभी होती, आत्याला झालेला आनंद टिपायला. आनंद काही आला नाही. आत्या काठीवर रेलली, एकदा ओट्याकडे आणि एकदा त्या झाडाकडे तिने बघितलं, आणि दगड कुठे आहे असं विचारलं. भाचा हसला. दगडाचं काय घेऊन बसलीस, हे बघ ना, म्हणाला, आणि एकामागून एक खण उघडून दाखवायला लागला. खण आपोआप मिटत होते. आपोआप मिटणाऱ्या गोष्टींचा आत्याला आधीपासूनच राग होता.

मग त्याने पाठीमागे लपवलेला डबा पुढे केला. डब्याला रिबन होती. आत सोनेरी कागदात गुंडाळलेल्या टॉफ्या, वरून चॉकलेट लावलेल्या, कुठल्यातरी कारखान्यातल्या.

"आता तू फक्त खायची, आत्या," तो म्हणाला. "करायची नाही."

आत्याने एक टॉफी सोडली, तोंडात टाकली, चावली, आणि हातरुमालात काढून ठेवली. चॉकलेटला मेणाची चव होती आणि टॉफी दाताला चिकटत होती. जिने उभ्या जन्मात दाताला चिकटणारी टॉफी घराबाहेर जाऊ दिली नाही, तिला असलं काही आणून द्यायचं, तेही रिबन बांधून, म्हणजे सरळ तोंडात मारायचंच बाकी राहिलं. तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण एक पाय ओंडक्यासारखा झालेला, अंगात त्राण नाही. मला जरा पडायचंय, एवढंच ती म्हणाली, आणि खोलीत जाऊन तिने दार लोटून घेतलं. बाहेर भाचा बायकोला सांगत होता की आत्या भारावून गेलीय.

भारावून म्हणे.

आता ही आत्या कोण, ते सांगायला हवं. सगळी इमारत तिला आत्याच म्हणते, पण ती खरी आत्या एकट्या या भाच्याची. उमेदीची सगळी वर्षं तिने एका मोठ्या लाँड्रीत इस्त्रीच्या टेबलापाशी उभ्याने काढली. तिथे तिला मागून 'वाफ' म्हणायचे, कारण ती एकदा सुटली की समोरच्याने मुकाट बाजूला व्हायचं. तिला ते नाव ठाऊक होतं. मनातून आवडतही होतं. फक्त तोंडावर म्हणायची कुणाची टाप नव्हती.

टॉफी तिच्या आयुष्यात आली तीसुद्धा भांडणातूनच. एका हॉटेलातल्या आचाऱ्याचे पांढरे कोट नुसत्या इस्त्रीला यायचे. एकदा त्यातल्या एका खिशात टॉफीचा तुकडा राहून गेला होता. आत्याने त्यावरून तापलेली इस्त्री फिरवली, टॉफी वितळली, चॉकलेट पसरलं, कोटाच्या छातीवर तळहाताएवढा डाग पडला आणि इस्त्रीचा तळ काळा झाला. जेवणाच्या सुट्टीत ती तो कोट काखोटीला मारून हॉटेलच्या मागच्या दाराशी गेली आणि त्या आचाऱ्याला तिने असा काही फैलावर घेतला की भांडी घासणारे हातातलं काम टाकून बघायला आले. घाबरून त्याने खिशात होता त्याच मालाचा एक पुडा तिच्या हातात कोंबला. तिने बोलता बोलताच एक तुकडा तोंडात टाकला. आणि मग वाक्य अर्ध्यावर सोडून ती गप्प झाली. आत्याचं भांडण अर्ध्यावर थांबलेलं तेवढं एकदाच.

हे कसं करतात ते मला शिकव, मग कोटाचं विसरते, असं ती म्हणाली. त्याने शिकवलं. पुढे तो नोकरी बदलून दूर गेला तेव्हा आपलं तांब्याचं जड पातेलं तिला देऊन गेला. त्या पातेल्यावरून लोक काय काय बोलले. बोलेनात का.

दगड आला तो मासेवाल्याच्या दुकानातून. दुकान बंद झालं, सामान विकायला काढलं, आणि आत्याची नजर त्या काळ्या फळीवर गेली. टॉफीला खाली थंड आणि जाड दगडच लागतो, हे तिला एव्हाना कळून चुकलं होतं. तिचा भाऊ आणि लाँड्रीतले तिघं गडी यांनी तो पहिल्या मजल्यावर चढवला, आणि चढवताना तिला इतक्या शिव्या घातल्या की जिन्यातली पोरं चार नवे शब्द शिकली. मग कित्येक दिवस ती सोडा आणि उकळतं पाणी घेऊन त्याला घासत होती. माशाचा वास जाईपर्यंत तिने त्यावर साखरेचा कणही पडू दिला नाही.

तिची पद्धत अशी. तांब्याच्या पातेल्यात लोणी मंद आचेवर विरघळवायचं, तितकीच साखर, चमचाभर पाणी, चिमूटभर मीठ. मग लाकडी उलथनं एकाच दिशेने फिरवत राहायचं, आणि त्या वेळात आत्याशी कुणी बोलायचं नाही. आधी पांढरा फेस येतो, मग रंग गव्हाळ होतो, मग बदामाच्या सालीवर जातो. एक थेंब थंड पाण्यात टाकायचा आणि दाताखाली धरायचा. कट् करून तुटला की झालं. मग सगळं पातेलं एका दमात दगडावर ओतायचं. दगड खालून उष्णता ओढून घेतो, वरून टॉफी कोमट राहते. तेवढ्या अवधीत तिच्यावर सुटलेलं तूप कागदाने टिपून काढायचं, कारण तूप राहिलं तर चॉकलेट धरत नाही, वाळल्यावर भिंतीच्या पोपड्यासारखं गळून पडतं. टिपलं की लगेच चॉकलेटचा चुरा पसरायचा, मऊ पडला की कलथ्याने सारखा करायचा, वर भाजलेल्या बदामाचे तुकडे दाबायचे. थंड झाली की उलटवायची आणि दुसऱ्या बाजूला तेच. शेवटी छोटी हातोडी घेऊन ठक् ठक्.

कडेला चॉकलेट पोचत नाही. ती कड बाजूला काढायची, ती विकायची नाही. कड मागणाऱ्याची.

हा नियम भाच्यामुळे झाला. भावाने दुसरं लग्न केलं, आणि नव्या संसारात पहिल्या बायकोच्या पोराला पाय ठेवायला जागा निघेना. भाऊ त्याला चार दिवसांसाठी म्हणून आत्याकडे सोडून गेला. ते चार दिवस काही संपले नाहीत. पोरगं आलं त्याच आठवड्यात त्याने गुपचूप दगडावरून टॉफी ओढून खाल्ली आणि बोटं भाजून घेतली. आत्याने आधी त्याची बोटं नळाखाली धरली आणि मग त्याला बजावलं की या घरात न विचारता काही उचलायचं नाही. पण विचारलंस तर मी कधी नाही म्हणणार नाही. हे तिने पाळलं. तूप टिपायचं काम तिने त्यालाच दिलं, आणि टिपून झालं की तो दगडाशी उभा राहून विचारायचा, घेऊ? आणि कड मिळायची. परीक्षेत नापास होऊन आला तेव्हाही मिळाली. शेजारच्या घराची काच फोडून आला तेव्हा आधी दोन धपाटे मिळाले, मग कड मिळाली.

मोठा होऊन तो विम्याच्या कंपनीत लागला, आणि तिथून पुढे त्याला जिकडेतिकडे धोकाच दिसायला लागला. जिन्यात धोका, गॅलरीत धोका, आत्याच्या पातेल्यात तर आगीचा बंबच. आत्या हसण्यावारी न्यायची. ते तिचं चुकलंच.

तर, हॉस्पिटलातून आल्यावर काही दिवस तिने दात ओठ खात पडून काढले. भाचा रोज तिच्या उशाशी येऊन नव्या शेगडीचे गुण गात बसायचा. मूल जवळ गेलं तरी भाजत नाही, म्हणे. घरात मूल नव्हतं.

पाय जरा चालायला लागला तशी ती काठी घेऊन सगळ्यात आधी गेली ती कोपऱ्यावरच्या बेकरीत. गल्ल्याशेजारी तिच्या टॉफीची काचेची बरणी असायची. कित्येक वर्षं तिथेच होती. आता ती रिकामी होती, धुऊन पालथी घातलेली. बेकरीवाला तिला बघून गडबडला. आत्या, बसा ना, पाय कसा आहे, चहा घेणार का, असं सगळं एका श्वासात विचारून झालं, आणि मग त्याने मान खाली घालून सांगितलं.

"तुमचा भाचा येऊन गेला. म्हणाला, आत्यांचं टॉफीचं काम आता संपलं."

ओटा गेला तेव्हा राग आला होता. हे ऐकलं तेव्हा मात्र तिने पालथी बरणी उचलून सरळ ठेवली. दगड काढणं एक वेळ समजू शकतो, माणसं घर रंगवतात, खुर्च्या बदलतात. पण तिचं काम संपलं हे तिच्याआधी बेकरीवाल्याला कळलं होतं. जिवंत बाईचं काम संपल्याचं दुसराच कुणी जाऊन दुकानात जाहीर करतो, आणि ती तिकडे पाय वर बांधून पडलेली.

बेकरीवाला बिचारा मऊ माणूस. त्याने सांगितलं की एका कंपनीचा विक्रेता शनिवारी संध्याकाळी येणार आहे, गल्ल्याशेजारी त्यांच्या टॉफीचा स्टँड लावायला. कंपनीचं नाव ऐकून आत्याला रिबनवाला डबा आठवला. शनिवारी त्याच्याआधी माझा ट्रे इथे आला तर, तिने विचारलं. तर बरणी तुमचीच, तो म्हणाला, पण नाही आला तर मला जागा रिकामी ठेवता येणार नाही, आत्या, समजून घ्या. आत्याने समजून घेतलं. त्याच्यावर रागवायचं कारण नव्हतं, आणि राग काही उधळून टाकायला आणलेला नव्हता. तो तिला घरी न्यायचा होता.

घरी तिने भाच्याला अक्षर सांगितलं नाही. तो ऑफिसात गेल्यावर ती त्या पांढऱ्या ओट्यापुढे उभी राहिली. तांब्याचं पातेलं कुठेच सापडेना. तेही दगडामागोमाग गेलं असणार असं धरून तिने सुनेची, म्हणजे भाच्याच्या बायकोची, काळी कढई घेतली. शेगडीने कढई स्वीकारली, पीं पीं केलं, आणि लोणी विरघळायला लागलं. आत्या उलथनं फिरवत राहिली. रंग गव्हाळ झाला. आता बदामाच्या सालीवर जाणार, एवढ्यात शेगडीला वाटलं की फार तापलं, आणि ती आपली आपण बंद पडली. आत्याने बटणं दाबली. शेगडीने पीं केलं. तिने पुन्हा दाबली. शेगडी पुन्हा सुरू झाली तोवर आच मोडली होती, आणि कढईत लोणी एकीकडे, साखरेचा गोळा एकीकडे, असं फाटून बसलं होतं. आत्याने शेगडीला असे शब्द वापरले की लाँड्रीतले गडीही लाजले असते.

दुसऱ्या दिवशी तिने कमी माल घेतला आणि शेगडीचा कल सांभाळत, तिची मनधरणी करत, कशीबशी टॉफी रंगावर आणली. ओतायची कुठे? पांढऱ्या ओट्यावर चिकटवलेल्या कागदावर लिहिलेलं होतं की त्यावर गरम भांडं ठेवू नये. गरम ठेवायचं नाही तर ओटा कशाला हवा, आरसा म्हणून? तिने पत्र्याच्या ट्रेत ओतली. ट्रे तडतडला, मधे फुगला, टॉफी एका बाजूला घट्ट आणि दुसऱ्या बाजूला पातळ राहिली. तूप टिपायला ती वाकली तर गुडघा वाकेना, लांबचा कोपरा तसाच राहिला. चॉकलेट लावलं, थंड केलं, हातोडी मारली. चॉकलेटचा पापुद्रा सबंधच्या सबंध सुटला आणि खाली उघडी टॉफी राहिली.

तो पापुद्रा हातात धरून ती स्टुलावर बसली होती, तेवढ्यात सून घरी आली. ही दातांच्या डॉक्टरकडे रिसेप्शनला. आत्याच्या टॉफीवर आमचा दवाखाना चालतो, असं ती गमतीत म्हणायची, आणि आत्याला ती गंमत चालायची, कारण पोरगी मनाने निर्मळ होती. तिने कढई बघितली, ट्रे बघितला, आत्याच्या हातातलं ते चॉकलेट बघितलं. पर्स तशीच खांद्याला ठेवून ती समोर बसली. मग अगदी हळू आवाजात बोलली.

"मी म्हटलं होतं आत्यांना विचारू या. तो म्हणाला, विचारलं तर ती नाही म्हणेल."

आत्याने मान वर केली. तोवर तिच्या मनात कुठेतरी असं होतं की पोराला कळलं नाही, मायेपोटी केलं, चुकून केलं. चुकलेल्या माणसावर माणूस किती रागावणार? पण हा चुकला नव्हता. याला पक्कं ठाऊक होतं. विचारलं तर नाही म्हणेल, म्हणून विचारायचं नाही. जिने आयुष्यात याला एकदाही नाही म्हटलं नव्हतं, तिच्या एका नाहीची याला इतकी भीती की तिला भूल देऊन झोपवलेलं असतानाच घर उपसून काढायचं. आत्याचा राग तिथे पेटला तो खरा. त्याआधीचा नुसता धूर होता.

दगड कुठे टाकला, तिने विचारलं. फिटिंगवाल्याने मागच्या अंगणात नेऊन टाकला, त्याच्यापुढे त्याच्या माणसांना रेटेना, असं सून म्हणाली. आणि मग उठली, आपल्या खोलीत गेली, पलंगाखाली वाकली आणि वर्तमानपत्रात गुंडाळलेलं तांब्याचं पातेलं घेऊन बाहेर आली. ते भंगारात चाललं होतं. तिने लपवून ठेवलं होतं. आत्याने पातेलं मांडीवर घेतलं आणि सुनेच्या डोक्यावरून हात फिरवला, आणि उद्या डॉक्टरकडे सुट्टी सांग म्हणाली.

शनिवारी सकाळी भाचा अर्ध्या दिवसासाठी ऑफिसात गेला, आणि या दोघी एक एक पायरी करत खाली उतरल्या. मागच्या अंगणात, कचऱ्याच्या डब्यांच्या पलीकडे, सिमेंटच्या ठोकळ्यांवर दगड आडवा टाकलेला होता आणि त्याच्यावर इमारतीचा वॉचमन पाय हलवत विडी ओढत बसला होता.

उठ, आत्या म्हणाली. एवढंच. वॉचमन असा उठला की विडी हातातून पडली. दगडाचा एक कोपरा टाकताना उडाला होता. कडेला विड्यांचे चटके, मधोमध कबुतरांनी केलेली घाण. आत्याने उडालेल्या कोपऱ्यावर अंगठा फिरवला. तिथे आतला दगड फिका राखाडी दिसत होता. तिचे डोळे भरून आले आणि त्याचाही तिला राग आला.

मग तिने कामं वाटली. वॉचमनने पाणी तापवायचं आणि सोडा लावून घासायचं, चटक्यांसकट. त्याच्या खोलीत चहासाठी एक बर्नरची छोटी शेगडी आणि सिलिंडर होता, तो इथे आणायचा. सुनेने वरून माल आणायचा. वॉचमन कुरकुरला की इथे शेगडी पेटवायला सोसायटी परवानगी देत नाही. आत्याने त्याच्याकडे नुसतं बघितलं. तो शेगडी आणायला गेला.

दगड स्वच्छ झाला, कोरडा झाला. आत्याने तांब्याचं पातेलं जाळावर ठेवलं आणि ती स्टुलावर टेकून उलथनं फिरवायला लागली. लोण्याचा वास मजल्यामजल्यांवर गेला. खिडक्या उघडल्या. कोणी गॅलरीत आलं, कोणी कपडे वाळत घालायच्या निमित्ताने खाली वाकलं. तळमजल्यावरचा सायकल दुरुस्त करणारा पान्यासकट येऊन भिंतीशी उभा राहिला. कुणी बोललं नाही. उलथनं फिरत असताना बोलायचं नाही, हे सगळ्या इमारतीला माहीत होतं.

रंग गव्हाळावरून पुढे सरकत होता नेमका तेव्हा भाचा आला. हातात ऑफिसची बॅग, गळ्यात टाय. वर दार उघडं, घर रिकामं, म्हणून वासाच्या मागावर खाली आला होता. उघड्यावर जाळ, उकळती साखर, स्टुलावर टेकलेली आत्या आणि वर खिडक्याखिडक्यांत माणसं बघून त्याचा चेहरा पडला. आत्या, वर चल, लोक बघतायत, असं तो दबक्या आवाजात म्हणाला. आत्या उलथनं फिरवत राहिली. तिने पाण्यात थेंब टाकला, दाताखाली धरला. कट्. तिने पातेलं दोन्ही हातांनी उचललं. भाचा दोन पावलं मागे सरला. पातेलं एका दमात दगडावर रिकामं झालं आणि सोनेरी टॉफी सावकाश पसरत त्या खोलगट जागेत जाऊन बसली, जशी नेहमी बसायची.

आता तूप टिपायचं. सून वर चॉकलेट आणायला गेलेली. आत्या कागद घेऊन वाकली, गुडघा अर्ध्यावर अडकला, पलीकडची बाजू हाताला येईना. तुपाची साय चमकत होती आणि टॉफी निवत चालली होती. भाच्याने ते बघितलं. त्याने बॅग खाली ठेवली, टाय खांद्यावर टाकली, कागद उचलला आणि कडेकडून आतल्या बाजूला, दाब न देता, हलकं हलकं टिपायला लागला. हात विसरला नव्हता. आत्याने त्याला अडवलं नाही. टॉफी कुणाच्या रागासाठी थांबत नाही.

सून चॉकलेट घेऊन धावत आली. चुरा पडला, मऊ झाला, आत्याने कलथा फिरवला, बदाम दाबले. मग निवायची वाट बघायची होती. आत्या स्टुलावर बसली आणि आता तिने तोंड उघडलं. आवाज चढवला नाही, म्हणून वर खिडक्यांतल्यांना कान द्यावे लागले. बेकरीत जाऊन काय सांगून आलास, तिने विचारलं. भाचा म्हणाला, तुझा पाय, तुझं वय, उकळती साखर, एक दिवस काही झालं असतं तर मी काय केलं असतं. सगळं तुझ्यासाठीच केलं, आत्या. तो खोटं बोलत नव्हता. आत्यालाही ते दिसलं.

"माझ्यासाठी केलंस," ती म्हणाली. "आणि मला ते नको असणार, हे तुला ठाऊक होतं."

भाच्याने बायकोकडे बघितलं. बायकोने नजर चुकवली नाही.

टॉफी उलटवली, दुसरी बाजू झाली, तीही निवली. आत्याने हातोडी मारली. ठक् आवाज अंगणाच्या चारही भिंतींवर आपटला आणि तुकडे स्वच्छ तुटले, चॉकलेट टॉफीला घट्ट धरून. एकही पापुद्रा सुटला नाही. सुनेने तुकडे ट्रेत रचले, वर कागद घातला आणि ती झपाझपा बेकरीकडे गेली. थोड्या वेळाने रिकामा ट्रे घेऊन परत आली ती हसतच. बरणी गल्ल्याशेजारी लागली होती, आणि बेकरीवाल्याने निरोप दिला होता की पुढचा माल कधी, ते आत्यांनाच विचारून ये.

दगडावर कडा उरल्या होत्या. वॉचमन पुढे आला आणि त्याने विचारलं, आत्या, घेऊ का. घे, म्हणाली. सायकलवाल्याने विचारलं. त्याला मिळाली. पहिल्या मजल्यावरची म्हातारी गॅलरीतून ओरडून म्हणाली, मला ठेव गं एक, तर तिच्यासाठी आत्याने मोठी कड कागदात बांधून ठेवली. सुनेला न विचारताच दोन मिळाल्या.

भाचा तिथेच उभा होता. पांढऱ्या शर्टाच्या बाहीला तूप लागलं होतं. त्याचा हात दगडाकडे गेला, अर्ध्यावर थांबला आणि मागे आला. टक्कल पडायला लागलेला, चष्मा लावलेला, विम्याच्या कंपनीत चार माणसं हाताखाली असलेला तो बाप्या तसाच उभा राहिला, जसा लहानपणी उभा राहायचा.

"घेऊ?" त्याने विचारलं.

आत्याने त्याच्याकडे बघितलं.

"नाही," ती म्हणाली. "दगड वर गेला की विचार."

भाचा लाल झाला. मग त्याने टाय काढून बॅगेत कोंबली, बाह्या वर सारल्या, उडालेल्या कोपऱ्याखाली दोन्ही हात घातले आणि जोर लावला. दगड जागचा हलला नाही. त्याने वॉचमनकडे बघितलं, सायकलवाल्याकडे बघितलं, आणि जिन्याकडे किती पावलं जातात ते बघायला लागला. आत्याने एक कड तोंडात टाकली आणि कडकन चावली.